बाराची गाडी

अमेरिकेंतील ज्या चित्रपटांना ‘वेस्टर्न’ असें नांव आहे, त्यांची सामग्री ठरलेली असते, असें आम्ही ऐकून होतों. ओसाड मैदान, घोडे, गुराखी, दारूचा गुत्ता, कमरेला पिस्तुल, आणि शेवटीं तें कोण अगोदर उपसतो यावर धर्माधर्माचा निकाल! ज्याचा जन्म पाणिनीच्या सूत्रांशीं आणि शाळेंतील मुलांच्या शुद्धलेखनाशीं झटापट करण्यांत गेला, त्याला या दुसऱ्या झटापटीचें कुतूहल फारसें नसावें हें स्वाभाविकच आहे. त्यामुळें साठी उलटून गेली तरी यांपैकीं एकहि चित्रपट आम्हीं पाहिलेला नव्हता. गेल्या महिन्यांत आमच्या नातवानें १९५२ सालचा ‘हाय नून’ हा चित्रपट घरांतील पडद्यावर लावला आणि “आजोबा, यांत गोळ्या थोड्या आणि बोलणें फार आहे,” असें आमिष दाखवून आम्हांस बसविलें. घरांतील लहानथोर आठ माणसें बसलीं. पुढील तीन दिवस पंक्तीला दुसरा विषय निघाला नाहीं. त्या वादांतून जें आमच्या मनांत राहिलें तेंच येथें वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

‘हाय नून’ म्हणजे ऐन माध्यान्ह, ठीक बाराचा ठोका. न्यू मेक्सिको प्रांतांतील हॅड्लीव्हिल या काल्पनिक गांवीं एका रविवारीं सकाळीं कथेला आरंभ होतो. गांवचा मार्शल – आपल्या जुन्या भाषेंत त्याला कोतवाल म्हणावें – विल केन याचें लग्न लागत आहे. वधू एमी ही वयानें बरीच लहान आणि क्वेकर पंथाची. कोणत्याहि कारणास्तव मनुष्यानें मनुष्यावर शस्त्र धरूं नये, असा या पंथाचा कडक नियम आहे. एमीचे वडील आणि भाऊ बंदुकीच्या गोळ्यांनीं मेले, तें डोळ्यांनीं पाहून तिनें हा पंथ स्वीकारलेला. तिच्यासाठींच केन अंगावरचा बिल्ला उतरवून, दुसऱ्या गांवीं जाऊन दुकान घालणार आहे. नवा मार्शल दुसऱ्या दिवशीं यावयाचा आहे. इतक्यांत स्टेशनमास्तर तार घेऊन धांवत येतो. फ्रँक मिलर नांवाचा जो गुंड केननें पकडून दिला होता, ज्याची फाशी जन्मठेपेवर आली होती, त्याला आतां माफीच मिळाली असून तो बाराच्या गाडीनें गांवांत येत आहे! त्याचे तीन साथीदार स्टेशनावर येऊन बसलेलेहि आहेत. त्यांत एक त्याचा सख्खा भाऊ. त्यांचा हेतु काय, हें कोणाला सांगावें लागत नाहीं.

मित्रमंडळी नवपरिणीत जोडप्याला घाईघाईनें घोडागाडींत बसवून गांवाबाहेर पिटाळतात. थोडें अंतर गेल्यावर केन लगाम खेंचतो, विचार करतो आणि गाडी परत वळवितो.

तो परत कां फिरतो? आमच्या घरांतील पहिला वाद येथेंच उपस्थित झाला. बिल्ला उतरविला म्हणजे अधिकार संपला आणि अधिकाराबरोबर कर्तव्यहि संपलें, असा एमीचा कोटिक्रम आहे, आणि तो अगदींच टाकाऊ नाहीं. केनचें उत्तर मोठें गमतीचें आहे. तो कर्तव्य, धर्म, लोककल्याण असा एकहि भारदस्त शब्द उच्चारीत नाहीं. एक व्यवहाराची गोष्ट तो सांगतो : तीं माणसें आपला पाठलाग करणारच; उघड्या माळावर एकट्यानें सांपडण्यापेक्षां ओळखीच्या गांवांत, स्नेह्यांच्या बळावर त्यांना तोंड देणें बरें. आणि दुसरी गोष्ट अभिमानाची : आपण आजवर कोणासमोरून पळालों नाहीं. आमच्या धाकट्या चिरंजीवांना हें दुसरें कारण पोकळ वाटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत आत्म्याचें अमरत्व सांगून झाल्यावर भगवंतांनीं अर्जुनाला अपकीर्तीचेंहि भय घातलेंच आहे कीं नाहीं? मोठें कृत्य करणाऱ्या मनुष्याच्या अंतरांत एकच शुद्ध हेतु असतो, ही कल्पना पाठ्यपुस्तकांतली आहे. केनच्या अंतरांत दोन-तीन हेतु एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि म्हणूनच तो खरा वाटतो.

गांवांत तो परत येतो तेव्हां बारा वाजण्यास थोडाथोडका नव्हे, तासाहून अधिक अवधि आहे. येथून पुढें या चित्रपटाचें मुख्य पात्र कोण असें कोणी विचारील, तर आम्ही घड्याळ असें सांगूं. कचेरीच्या भिंतीवर घड्याळ, न्यायाधीशाच्या खोलींत घड्याळ, हॉटेलांत घड्याळ. चित्रपटाची लांबी ८५ मिनिटें आहे, आणि गोष्टींत जितका काळ जातो त्याहून पडद्यावर जाणारा काळ फारसा कमी नाहीं. म्हणजे केनचें एक मिनिट गेलें कीं प्रेक्षकाचेंहि जवळजवळ एक मिनिट गेलें! ग्रीक नाटकांतील कालैक्याविषयीं आपण पुस्तकांतून वाचतों. आपल्या नाट्यशास्त्रांतहि एका अंकांत एका दिवसाचेंच कथानक असावें असा दंडक आहे. परंतु तो नियम अशा रीतीनें प्रेक्षकाच्या छातीवर येऊन बसतो, हा अनुभव आम्हांस नवा होता. मध्येंमध्यें एकच दृश्य पुनःपुन्हां दाखवितात : आगगाडीचे रूळ, सरळ क्षितिजाला जाऊन भिडलेले आणि सर्वस्वीं रिकामे. त्या रुळांवर अद्याप कांहीं नाहीं, एवढ्यानेंच भीति वाढते.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं रंगभूमीवर युद्ध आणि वध दाखविण्यास मनाई केली, ती त्यांना शौर्याचें वावडें होतें म्हणून नव्हे. मारामारी सुरू झाली म्हणजे रसाला उतार लागतो, हें त्यांनीं ओळखलें होतें. या चित्रपटाच्या कर्त्यांनीं ते ग्रंथ पाहिले नसतील. तरी गोळीबार त्यांनीं अखेरच्या कांहीं मिनिटांपुरता ठेवला आहे. बाकीचा सर्व वेळ एक मनुष्य दारोदार फिरतो आणि प्रत्येक दारीं त्याला एक कारण मिळतें, एवढेंच!

हीं कारणें ऐकण्यासारखीं आहेत. थोड्याच वेळापूर्वीं ज्या न्यायाधीशानें केनचें लग्न लावलें, त्यानेंच मिलरला शिक्षा ठोठावलेली होती. तो आतां भिंतीवरचें निशाण उतरवून, न्यायाचा तराजू आणि कायद्याचीं पुस्तकें पिशवींत भरीत आहे. भरतां भरतां तो केनला प्राचीन अथेन्सची एक कथा ऐकवितो. हद्दपार केलेला एक जुलमी सत्ताधीश भाडोत्री सैन्य घेऊन परतला, तेव्हां ज्या नागरिकांनीं त्याला घालविलें होतें त्यांनींच वेशी उघडून दिल्या आणि आपल्या कारभाऱ्यांचीं मस्तकें उडतांना ते पाहात उभे राहिले. विद्वत्ता ही पळून जाण्याच्या वेळीं किती सुरेख उपयोगी पडते, हें पाहून आम्हांस हसूं आलें आणि पाठोपाठ तें ओशाळलेंहि. कारण प्रसंगाला साजेसा दृष्टान्त काढण्याची ही खोड आमच्या जातीच्या पंतोजींची आहे.

केनचा दुय्यम अधिकारी हार्व्ही हा तरुण आणि महत्त्वाकांक्षी. ‘पुढचा मार्शल मला करण्याची शिफारस करा, म्हणजे तुमच्याबरोबर उभा राहतों,’ असा त्याचा सौदा. केन सौदा करीत नाहीं; तो बिल्ला फेंकून चालता होतो. दुसरा एक मित्र खिडकींतून केनला येतांना पाहतो आणि बायकोला दारांत पाठवून ‘घरांत नाहींत’ असें सांगावयास लावतो. त्या बिचारीच्या तोंडावर खोटें बोलण्याचे जे क्लेश दिसतात, ते पाहून आमच्या घरांतील स्त्रीवर्ग त्या नवऱ्यावर जितका संतापला तितका मिलरवरहि संतापला नाहीं. तिसरा खरोखरच तयार असतो. पण आपल्याखेरीज दुसरें कोणी आलें नाहीं असें दिसतांच त्याला बायकामुलें आठवतात. वृद्ध मार्शल मार्टिन हो, ज्याला केन गुरुस्थानीं मानतो, त्याचीं बोटें संधिवातानें वांकडीं झालेलीं. कायदा राखणाऱ्याच्या जन्माचें सार्थक काय, तर शेवटीं रस्त्याच्या धुळींत एकट्यानें मरणें, आणि तेंहि एका पत्र्याच्या बिल्ल्यासाठीं, असें तो विषण्णपणें सांगतो. आणि आपण आलों तर तुझ्या गळ्यांतली धोंडच होऊं, म्हणून येत नाहीं. याचें कारण मात्र खरें आहे. खरीं कारणें आणि सबबी एकाच रांगेंत उभीं करून, दोहोंचा परिणाम एकच होतो हें दाखविण्यांत पटकथाकाराचें कौशल्य आहे.

स्वतः होऊन मदतीला येतात ते दोघेच : सोळा वर्षांचा आहें असें खोटें सांगणारा चौदा वर्षांचा एक मुलगा, आणि एका डोळ्याचा एक दारुड्या. दोघांनाहि केन परत पाठवितो.

परंतु या चित्रपटाचा गाभा म्हणावा तर तो प्रार्थनामंदिरांतील प्रवेश होय. रविवार असल्यानें गांवची सारी प्रतिष्ठित मंडळी तेथें जमलेली. केन उपासना चालू असतांना आंत येतो आणि मदत मागतो. प्रथम कांहीं माणसें उठतातहि. तोंच कोणी विचारतो, ‘जरा थांबा, केन आणि मिलर यांचा हा खासगी तंटा नव्हे काय?’ लगेच सभापतित्व स्वीकारून, मुलांना बाहेर खेळावयास पाठवून, चर्चा सुरू होते. मुलांना बाहेर पाठविणें हें आम्हांस फार मार्मिक वाटलें. आपल्या घरोघरींहि कांहीं लाजिरवाणें बोलावयाचें असलें कीं अगोदर मुलांना बाहेर पाठवितात. मग एकेक मत पुढें येतें. पोलिसांसाठीं आम्ही कर भरतों, तें काम आम्हीं कां करावें? उत्तरेकडील राजकारणी लोकांनीं त्याला सोडलें, त्यांनींच निस्तरावें. एक बाई मात्र उभी राहून खडसावते, ‘भरदिवसां सभ्य स्त्रीला या रस्त्यानें जाणें कठीण होतें, तें दिवस विसरलांत काय?’ धर्मोपदेशकाला मत विचारतात. तो गोंधळून सांगतो कीं, हत्त्या करूं नये अशी आज्ञा आहे, तरी हत्त्या करण्यासाठीं आपण माणसें पगारानें ठेवतों. धर्म कोणत्या बाजूला हें स्पष्ट दिसतें. पण माझ्या लोकांना मरावयास आणि मारावयास जा, असें मी सांगूं शकत नाहीं.

हें ऐकतांना सभापर्वांतील द्यूतसभेची आठवण कोणा हिंदु वाचकास होणार नाहीं? तेथेंहि धर्म जाणणारे पितामह होते आणि धर्माची गति सूक्ष्म आहे एवढेंच त्यांना सांगतां आलें. तेथें विकर्ण उठला, येथें ती बाई उठली. दोघांचेंहि कोणीं ऐकलें नाहीं.

शेवटीं हेंडरसन उभा राहतो. हा गांवचा पुढारी, केनचा जिवलग मित्र, गोड बोलणारा. केनसारखा मार्शल या गांवाला पूर्वीं लाभला नाहीं आणि पुढेंहि लाभणार नाहीं, असें तो मनापासून सांगतो. हें गांव आमचें आहे, मिलर हा आमचाच प्रश्न आहे, केनचा नव्हे, असेंहि सांगतो. केनच्या चेहऱ्यावर आशा उमटते, आणि आमच्याहि मनांत ती उमटली. मग तेंच भाषण, तोच सूर, तसेच सौजन्य, आणि वळण मात्र भलतेंच. उत्तरेकडील भांडवलवाले या गांवांत पैसा घालण्याच्या विचारांत आहेत. दुकानें, कारखाने निघतील. रस्त्यांत रक्त सांडल्याची वार्ता वर्तमानपत्रांत गेली तर सगळें फिसकटेल. केन येथें नसता तर कांहींच झालें नसतें. तेव्हां मित्रा, तुझ्या आणि आमच्याहि भल्यासाठीं तूं निघून जा! केन ‘आभारी आहें’ एवढेंच म्हणून बाहेर पडतो. बाहेर अंगणांत मुलें खेळत आहेत.

मिलर आणि त्याचे साथीदार हे दुष्ट आहेत, आणि त्यांच्याविषयीं कथेला विशेष सांगावयाचें नाहीं. तिचा रोख हेंडरसनवर आहे. तो भित्रा नाहीं, लबाडहि नाहीं. तो सुशिक्षित आहे, विवेकी आहे, गांवाच्या भरभराटीची त्याला कळकळ आहे. सार्वजनिक सभांतून अशीं सुरेख भाषणें आम्हीं अनेक ऐकलीं आहेत आणि त्यांना टाळ्याहि दिल्या आहेत. या मासिकाचे वाचक बहुतेक त्याच थरांतले, आणि आम्हीहि त्याच थरांतले. म्हणून हा प्रवेश पुन्हां एकदां लावून पाहिला.

नातवानें येथें ‘शोले’ची आठवण करून दिली, ती समर्पक होती. १९७५ च्या त्या चित्रपटांतहि रामगढचे लोक घाबरून, या दोघांना गब्बरच्या हवालीं करा, असें म्हणूं लागतात. परंतु तेथें ज्याचा तरुण मुलगा नुकताच मारला गेला आहे असा अंध वृद्ध इमाम उभा राहतो आणि गांवाचें मन फिरवितो. हॅड्लीव्हिलला असा वृद्ध मिळाला नाहीं. आपल्याकडील कथाकार गांवाला अखेर क्षमा करतात. हे लोक करीत नाहींत. कोणतें अधिक सत्य, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवावरून ठरवावें.

एक लहानशी गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तबेल्यांत हार्व्हीशीं मारामारी झाल्यावर केन तोंड धुण्यासाठीं न्हाव्याच्या दुकानांत जातो. हाच न्हावी गांवांत शवपेट्याहि पुरवितो. मागच्या बाजूला ठोकाठोकी ऐकूं येत असते. केन आंत येतांच ती बंद होते. केनला कळतें. जातांना तो शांतपणें न्हाव्याला सांगतो कीं, तुझ्या माणसाला आतां काम पुढें चालू करावयास हरकत नाहीं. ना संताप, ना उपरोध! संस्कृतांत ज्याला ध्वनि म्हणतात तो अशा ठिकाणीं सांपडतो.

केनचें काम गॅरी कूपर यानें केलें आहे. तेव्हां त्याचें वय पन्नाशीचें, प्रकृति बरी नसलेली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या रंगानें झांकलेल्या नाहींत. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी यानें अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळचीं जुनीं छायाचित्रें डोळ्यांपुढें ठेवून, आकाश पांढरेंफटक आणि प्रकाश रूक्ष ठेवला आहे. वीररसाचा स्थायीभाव उत्साह, असें आम्ही वर्षानुवर्षें मुलांना शिकवीत आलों. केनच्या ठायीं उत्साहाचा लेश नाहीं. त्याला घाम येतो, त्याचा गळा कोरडा पडतो. मृत्युपत्र लिहावयास बसण्यापूर्वीं तो कचेरींत एकटाच मेजावर डोकें टेंकून बसतो. भवभूतीच्या रामाला रडतांना पाहून ज्यांनीं नाकें मुरडलीं नाहींत, त्यांना या वीराचेंहि वैषम्य वाटणार नाहीं. आणि मग बारा वाजतात. लंबक हालतो, एकामागून एक चेहरे दिसतात, प्रार्थनामंदिरांतले, गुत्त्यांतले, हॉटेलांतले, ज्यांच्या ज्यांच्या दारीं तो गेला त्या सर्वांचे, आणि दूरवर शिटी वाजते. थोड्या वेळानें केन रस्त्याच्या मधोमध उभा असतां चित्रयंत्र हळूहळू वर वर जातें. गांवचीं छपरें दिसूं लागतात, रस्ता रिकामा, आणि त्यांत तो एकटा, मुंगीएवढा.

आतां स्त्रियांविषयीं. कथेंत दोन स्त्रिया आहेत आणि पुरुषांपेक्षां दोघीहि अधिक स्पष्टवक्त्या आहेत. हेलन रामिरेज ही मेक्सिकन बाई पूर्वीं मिलरची, नंतर केनची आणि आतां हार्व्हीची मैत्रीण. गांव तिला नांवें ठेवतें, आणि तिच्याच पैशांवर त्यांतले कांहीं धंदा करतात. मेक्सिकोची नटी केटी हुरादो हिनें हें काम अशा रुबाबानें केलें आहे कीं, कुलवती स्त्रियांतहि हा रुबाब विरळा. एमी तिला भेटावयास येते, तेव्हां आमच्या सूनबाईंना ‘मृच्छकटिका’ची आठवण झाली. धूता आणि वसंतसेना एका खोलींत बसून चारुदत्ताविषयीं मोकळेपणानें बोलल्या असत्या तर काय बोलल्या असत्या, तें येथें ऐकावयास मिळतें. हेलन विचारते : तो माझा नवरा असता तर मी त्याच्यासाठीं लढलें असतें, तूं कां लढत नाहींस? एमी आपल्या वडिलांचें आणि भावाचें मरण सांगते. दोघी एकाच गाडींत बसून स्टेशनावर जातात. बाराची गाडी येते, मिलर उतरतो, या दोघी चढतात. गांवांतून पहिली गोळी ऐकूं येते आणि एमी डब्यांतून उतरून धांवत सुटते.

पुढें काय होतें तें थोडक्यांत सांगतों, कारण वादाचें मूळ तेथें आहे. केन दोघांना मारतो. तिसरा खिडकीबाहेर उभा राहून पिस्तुल भरीत असतां त्याच्या पाठींत आंतून गोळी बसते. ती एमीनें झाडलेली असते. त्यानंतर मिलर तिला ढाल करून रस्त्यांत आणतो. ती त्याच्या तोंडाला ओरबाडून सुटते, आणि केन त्याला मारतो.

आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें असें कीं, एमीनें योग्य तेंच केलें. सहधर्मचारिणी हा शब्द मंगलाष्टकांपुरता नाहीं. सूनबाईंना तें पटलें नाहीं. त्यांचा प्रश्न आमच्या मनांत अद्याप घोळत आहे. केन आपल्या निष्ठेसाठीं बायकोला सोडावयास तयार झाला, तर सर्वांनीं त्याला वीर म्हटलें. एमीनें आपली निष्ठा नवऱ्यासाठीं मोडली, तेव्हांच ती चांगली बायको ठरली. दोघांपैकीं व्रत मोडावें लागलें तें एकटीलाच. आणि तें व्रत कांहीं बालिश हट्ट नव्हता; दोन प्रेतें पाहून घेतलेलें तें होतें. गोळी झाडल्यावर तिच्या मुद्रेवर जय दिसत नाहीं, हें ग्रेस केली या त्या वेळीं अवघ्या बाविशींतील नटीच्या अभिनयाचें श्रेय. परंतु चित्रपटाला त्याविषयीं पुढें एक शब्दहि बोलावासा वाटत नाहीं. आम्हांस या चित्रपटांत उणीव दिसली ती ही. केनच्या मनांतील द्वंद्वाला तासभर दिला. एमीच्या द्वंद्वाला तेवढा क्षणभर. अहिंसेच्या प्रश्नावर ज्या देशानें इतका विचार केला आहे, तेथील प्रेक्षकाला हें अपुरें वाटावें यांत नवल नाहीं.

असो. कथेमागें जी कथा आहे तीहि कमी विलक्षण नाहीं. मूळ गोष्ट जॉन कनिंगहॅम यांची ‘द टिन स्टार’. ती १९४७ सालीं ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकांत आली. पटकथा कार्ल फोरमन यांची. ते पूर्वीं कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. चित्रण चालू असतांनाच, १९५१ च्या सप्टेंबरांत, प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढें त्यांना उभें राहावें लागलें. जुन्या सोबत्यांचीं नांवें सांगा म्हणजे सुटाल, अशी त्या काळची रीत होती. फोरमन यांनीं नांवें सांगितलीं नाहींत. मग चित्रसृष्टींतील परिचित लोक त्यांच्याशीं जसे वागूं लागले, तसे हॅड्लीव्हिलचे लोक केनशीं वागतात, हें वेगळें सांगावयास नको. भागीदारींतून ते बाहेर पडले आणि इंग्लंडांत जाऊन राहिले. तेथें त्यांचा हात ज्या ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेला लागला, तिचें ऑस्कर पारितोषिक दुसऱ्याच्या नांवें गेलें, फोरमन यांना त्याचें श्रेय मिळालें तें १९८४ सालीं त्यांच्या निधनानंतर. कूपर हा राजकारणांत अगदीं उलट मतांचा. तरी चित्रण चालू असतांना तो फोरमन यांच्या पाठीशीं राहिला. पुढें त्यांच्या नव्या कंपनींत सामील होण्याचें त्यानें ठरविलें, तेव्हां मात्र दडपण इतकें आलें कीं, त्याला माघार घ्यावी लागली. पडद्यावर जो एकटा उभा राहिला, त्यालाहि पडद्याबाहेर तें जमलें नाहीं. त्याला दोष देण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

दिग्दर्शक फ्रेड झिनेमन हे व्हिएन्नांत वाढलेले ज्यू गृहस्थ. ते १९२९ सालीं अमेरिकेंत आले. त्यांचे मातापिता युरोपांतच राहिले आणि नाझींच्या हत्याकांडांत बळी पडले. शेजाऱ्यांनीं दारें लावून घेणें म्हणजे काय, हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नसेल. संगीत देणारे दिमित्री टिओम्किन हे मूळचे युक्रेनचे. आरंभींच जें गाणें ऐकूं येतें – लग्नाच्या दिवशीं नवरा बायकोला, मला टाकून जाऊं नकोस, अशी विनवणी करतो – तें नांदीसारखें सारी कथा सुचवून जातें, आणि पुढें त्याच्याच सुरावटी घड्याळाच्या ठोक्याबरोबर फिरत राहतात. कूपरचा अभिनय, तें गीत, पार्श्वसंगीत आणि संकलन अशीं चार ऑस्कर पारितोषिकें या चित्रपटाला मिळालीं. उत्कृष्ट चित्रपटाचें पारितोषिक सर्कशीवरील एका भपकेदार चित्रपटाला गेलें.

कूपर समारंभाला हजर नव्हता. त्याच्या वतीनें पारितोषिक घेतलें तें जॉन वेन यानें. वेस्टर्न चित्रपटांचा हा अनभिषिक्त राजा. आणि याच वेननें पुढें १९७१ सालच्या एका मुलाखतींत ‘हाय नून’ला अमेरिकेच्या वृत्तीला सोडून असलेला चित्रपट म्हणून झोडपलें! त्याचा मोठा राग शेवटच्या प्रसंगावर. केननें मार्शलचा बिल्ला पायाखालीं तुडविला, असें त्यानें सांगितलें. प्रत्यक्षांत केन बिल्ला तुडवीत नाहीं. मिलर पडल्यावर दारें उघडतात, गल्लीबोळांतून सारें गांव बाहेर येतें आणि मुकाट्यानें भोंवतीं उभें राहतें. तो चौदा वर्षांचा मुलगा घोडागाडी आणून उभी करतो. केन गर्दीकडे पाहतो, बिल्ला काढतो, धुळींत टाकतो, आणि बायकोला घेऊन निघून जातो. एक शब्द नाहीं. वेनला पाय दिसला कोठून, तें त्याचें त्याला ठाऊक. कदाचित् धुळींत पडलेल्या बिल्ल्याकडे पाहणें तुडविण्याहून कठीण असेल.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यानेंहि याच चित्रपटाला उत्तर म्हणून १९५९ सालीं ‘रिओ ब्राव्हो’ काढला; त्यांत वेनच नायक. हॉक्सचा आक्षेप असा कीं, कामांत वाकबगार अधिकारी सामान्य लोकांच्या दारोदार मदतीसाठीं फिरणार नाहीं. आक्षेप कारागिराचा आहे आणि त्या दृष्टीनें बरोबरहि असेल. परंतु केन मदत मागत नसता तर गांवाला नाहीं म्हणण्याची वेळच आली नसती, आणि मग हा चित्रपट चार पिस्तुलवाल्यांचा झाला असता. तो दुसरा चित्रपट आमच्या यादींत आहे; पाहिल्यावर मत बदललें तर तसें लिहूंच.

पोलंडांत ४ जून १९८९ रोजीं, अनेक दशकांनंतर, विरोधकांना उमेदवार उभे करतां येतील अशी निवडणूक झाली. त्या वेळीं ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेनें जें भित्तिपत्रक लावलें, त्यांत हाच केन रस्त्यांतून चालत येतांना दाखविला होता. छातीवर मार्शलच्या बिल्ल्याच्या वर संघटनेचें चिन्ह, आणि हातांत पिस्तुलाऐवजीं मतपत्रिका. सीनेटच्या १०० जागांपैकीं ९९ त्या पक्षाला मिळाल्या.

घरांत लावावयाचा असेल तर एवढें सांगतों : चित्रपट कृष्णधवल आहे, गोळीबार शेवटींच आहे, आणि अश्लील असें कांहीं नाहीं; दहाबारा वर्षांच्या मुलांनाहि बसवावयास हरकत नाहीं. संवाद थोडके आणि इंग्रजी सोपें आहे. प्रार्थनामंदिरांतील प्रवेश निसटला तर मागें घेऊन पुन्हां पाहावा.